जावा ॲप्लिकेशन सर्व्हर व संबंधात्मक डेटाबेस यांची जोडणी : कोलाडच्या रो-रो सेवेच्या आधारे एक विवेचन

सारांश

महाविद्यालयीन प्रवेश, परीक्षा, ग्रंथालय व शुल्क या विभागांचे कामकाज आज संगणकीय प्रणालींवर अवलंबून आहे. या प्रणालींत विद्यार्थ्याला दिसणारे पान आणि माहिती साठविणारा डेटाबेस यांच्या मध्ये ॲप्लिकेशन सर्व्हर उभा असतो. सर्व्हर व डेटाबेस यांच्यातील जोडणी कशी घडते, तिचा संच का राखावा लागतो आणि ती बिघडली असता कोणते परिणाम संभवतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. विषय सुगम व्हावा म्हणून कोलाड येथील रो-रो रेल्वेसेवेचे उदाहरण आधारास घेतले आहे.

बीजसंज्ञा : जावा, ॲप्लिकेशन सर्व्हर, जेडीबीसी, जोडणीसंच, व्यवहार, देवनागरी युनिकोड.

१. प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या रोहा तालुक्यातील कोलाड हे मुंबई-गोवा महामार्गावरील गाव कुंडलिका नदीमुळे जसे परिचित आहे, तसेच ते कोकण रेल्वेच्या एका वेगळ्या प्रयोगामुळेही परिचित आहे. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला आणि त्यानंतर बरोबर एका वर्षाने, २६ जानेवारी १९९९ रोजी, कोलाड ते गोव्यातील वेर्णा अशी रो-रो सेवा सुरू झाली. भरलेला ट्रक कोलाडला सपाट वाघिणीवर चढतो, रेल्वेने प्रवास करतो आणि वेर्ण्याला उतरून पुन्हा रस्त्याला लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये गणेशोत्सवाच्या निमित्ताने याच दोन स्थानकांदरम्यान खाजगी मोटारींसाठीही अशी सेवा सुरू करण्यात आली. तीत २० वाघिणी व प्रत्येक वाघिणीवर २ याप्रमाणे एका फेरीत ४० मोटारींची सोय ठेवण्यात आली.

या सेवेतील तीन गोष्टी आपल्या विषयाशी निगडित आहेत. पहिली, वाघिणी मर्यादित असतात. दुसरी, प्रत्येक ट्रकसाठी नवी वाघीण बांधली जात नाही. तीच वाघीण पुन्हा पुन्हा वापरली जाते. तिसरी, पोहोचल्यावर ट्रक वाघिणीवरून उतरलाच नाही, तर ती वाघीण पुढच्या वाहनाच्या उपयोगाची राहत नाही. सर्व्हर आणि डेटाबेस यांच्यातील जोडण्यांचे शास्त्र मूलतः याच तीन विधानांत सामावले आहे.

हा विषय केवळ संगणकशास्त्राच्या अध्यापकांचा आहे, असा एक समज आढळतो. परंतु प्रवेश समिती, परीक्षा समिती वा ग्रंथालय समितीवर काम करणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाला ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य ऐकावे लागते. त्या वाक्यामागे नेमके काय घडलेले असते, हे जाणून घेतल्यास प्रणाली पुरविणाऱ्यांना योग्य प्रश्न विचारता येतात आणि विद्यार्थ्यांचे नुकसान टाळता येते.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

संबंधात्मक डेटाबेसची सैद्धांतिक मांडणी एडगर कॉड यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या शोधनिबंधात केली. माहिती टेबलांच्या स्वरूपात ठेवावी आणि ती कोणत्या फाइलमध्ये कोठे आहे याचा विचार न करता केवळ काय हवे ते सांगून मिळवावी, हा त्या मांडणीचा गाभा होय. याच विचारातून पुढे एसक्यूएल ही प्रश्नभाषा विकसित झाली.

जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. एकच प्रोग्रॅम कोणत्याही संगणकावर चालावा, ही तिची प्रतिज्ञा होती. परंतु ऑरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल अशा प्रत्येक डेटाबेसची संदेश-देवाणघेवाणीची रीत भिन्न असल्याने ही प्रतिज्ञा डेटाबेसच्या दाराशी येऊन अडत होती. ही अडचण दूर करण्यासाठी १९९७ मध्ये जेडीबीसी हा समाईक करार जावाचा भाग झाला. १९९९ च्या अखेरीस जे-टू-ईई या नावाने ॲप्लिकेशन सर्व्हरसाठी एक प्रमाण चौकट पुढे आली. २०१० मध्ये ऑरॅकलने सन कंपनी ताब्यात घेतली आणि २०१७ पासून ही चौकट एक्लिप्स फाउंडेशनकडे जाऊन पुढे ‘जकार्ता ईई’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. महाविद्यालयांत सर्वाधिक वापरला जाणारा टॉमकॅट हा काटेकोर अर्थाने पूर्ण ॲप्लिकेशन सर्व्हर नसून सर्व्हलेट कंटेनर आहे. वाइल्डफ्लाय, ग्लासफिश, वेबलॉजिक, वेबस्फिअर हे पूर्ण सर्व्हर होत. तथापि डेटाबेस-जोडणीच्या बाबतीत या सर्वांचे तत्त्व एकच असल्याने प्रस्तुत लेखात ‘सर्व्हर’ हा शब्द दोहोंसाठी वापरला आहे.

३. जोडणीचे घटक

कोणत्याही जोडणीसाठी चार गोष्टी लागतात : ड्रायव्हर, पत्ता, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड.

ड्रायव्हर हा दुभाषा होय. जावातील जेडीबीसी-आज्ञा तो त्या त्या डेटाबेसच्या बोलीत उतरवितो. जेडीबीसी ड्रायव्हरचे चार प्रकार सांगितले जातात. पहिल्या प्रकारातील ओडीबीसी-पूल एके काळी प्रत्येक प्रात्यक्षिक-वहीत असे. परंतु २०१४ च्या जावा ८ आवृत्तीपासून तो काढून टाकण्यात आला आहे. आज प्रामुख्याने चौथा, म्हणजे संपूर्णपणे जावात लिहिलेला ड्रायव्हर वापरला जातो. काही अभ्यासक्रमांत अद्याप पहिल्या प्रकारावर भर दिसतो, तो आता कालबाह्य समजावा.

पत्त्यामध्ये डेटाबेसचा प्रकार, यजमान संगणक, पोर्ट क्रमांक आणि डेटाबेसचे नाव येते. मायएसक्यूएल प्रथेप्रमाणे ३३०६, पोस्टग्रेएसक्यूएल ५४३२ आणि ऑरॅकल १५२१ या पोर्टवर ऐकत असतो.

नवशिक्या विद्यार्थी हे चारही घटक थेट प्रोग्रॅममध्ये लिहितात. प्रयोगशाळेत ते चालते. प्रत्यक्ष प्रणालीत तो दोष ठरतो. पासवर्ड बदलला की प्रोग्रॅम बदलावा लागतो आणि प्रोग्रॅमची प्रत ज्याच्या हाती पडेल त्याच्या हाती डेटाबेसची किल्लीही पडते. यावर उपाय म्हणून जेडीबीसीच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘डेटासोर्स’ ही संकल्पना आली. सर्व तपशील सर्व्हरच्या रचना-फाइलमध्ये नोंदविले जातात आणि त्यांना एक नाव दिले जाते. प्रोग्रॅम जेएनडीआय या नामसूचीत ते नाव शोधतो व जोडणी मागतो. वाघीण कोठून आली हे ट्रकचालकाला ठाऊक असण्याची गरज नसते, तसेच हे आहे.

व्यवहारातील एक सूचना येथे नोंदवावीशी वाटते. टॉमकॅटकडे डेटासोर्स सोपविला असेल, तर ड्रायव्हरची फाइल टॉमकॅटच्या स्वतःच्या ‘लिब’ फोल्डरमध्ये ठेवावी लागते. केवळ आपल्या प्रणालीच्या फोल्डरमध्ये ठेवून भागत नाही. ‘ड्रायव्हर वर्ग सापडत नाही’ ही परिचित तक्रार पुष्कळदा येथूनच उद्भवते.

४. जोडणीसंचाची आवश्यकता

एक जोडणी उघडताना बरेच काही घडते. प्रथम दोन संगणकांमध्ये टीसीपीचा तीन टप्प्यांचा संवाद होतो. नंतर ओळख पटविली जाते. त्यानंतर डेटाबेस त्या जोडणीसाठी स्मृती राखून ठेवतो. पोस्टग्रेएसक्यूएल तर प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रक्रिया सुरू करतो. एका विद्यार्थ्याचे नाव शोधण्यास जेवढा वेळ लागतो, त्याहून अधिक वेळ कित्येकदा जोडणी उभारण्यातच जातो. शिवाय डेटाबेसलाही मर्यादा असते. मूळ रचनेत पोस्टग्रेएसक्यूएल १०० तर मायएसक्यूएल १५१ जोडण्या स्वीकारतो.

म्हणून सर्व्हर काही जोडण्या आधीच उघडून ठेवतो. यालाच जोडणीसंच अथवा कनेक्शन पूल म्हणतात. विनंती आली की संचातील एक जोडणी उसनी दिली जाते आणि काम झाले की ती परत घेतली जाते. अशा वेळी प्रोग्रॅमने ‘क्लोज’ म्हटले तरी खरी जोडणी तुटत नाही. ती केवळ संचात परतते. हा बारकावा विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावा लागतो.

संच केवढा असावा? यासाठी रांगांच्या शास्त्रातील जॉन लिटल यांचा नियम उपयोगी पडतो. दर सेकंदास येणाऱ्या विनंत्या आणि प्रत्येक विनंती जोडणी अडवून ठेवते तो कालावधी यांचा गुणाकार म्हणजे सरासरी व्यग्र जोडण्यांची संख्या. उदाहरणादाखल, सेकंदाला २० विनंत्या येत असतील व प्रत्येकीला ०.०५ सेकंद लागत असेल, तर सरासरी एकच जोडणी व्यग्र राहील. हाच कालावधी इंडेक्सअभावी २ सेकंदांवर गेला, तर ४० जोडण्या लागतील. वेगळ्या शब्दांत सांगावयाचे तर, ८ जोडण्यांचा संच पहिल्या स्थितीत सेकंदाला १६० विनंत्या हाताळू शकतो, तर दुसऱ्या स्थितीत केवळ ४. यावरून असे दिसते की, संच वाढविण्याआधी प्रश्न जलद करणे श्रेयस्कर असते. वाघिणी वाढविण्यापेक्षा ट्रक चढविण्याचा व उतरविण्याचा वेळ कमी करणे हिताचे, तसाच हा प्रकार होय.

५. एक अनुभव : परत न आलेल्या जोडण्या

काही वर्षांपूर्वी कोकणातील एका महाविद्यालयाच्या प्रवेशप्रक्रियेत प्रस्तुत लेखकाला साहाय्य करण्याचा योग आला. प्रवेश-अर्जाचे पान सकाळी व्यवस्थित चाले आणि दुपारपूर्वी केव्हातरी गोठे. चूक दिसत नसे, संदेश येत नसे. पान केवळ फिरत राही. कर्मचारी टॉमकॅट बंद करून पुन्हा सुरू करीत, आणि काही काळ सर्व सुरळीत होई. इंटरनेट मंद असल्याचा निष्कर्ष सर्वांनी काढला होता.

डेटाबेसच्या यंत्रावर पाहिले असता वेगळेच चित्र आढळले. तो जवळजवळ रिकामा बसला होता. त्याच्याशी ८ जोडण्या होत्या आणि आठही निष्क्रिय होत्या. टॉमकॅटच्या संचाची मूळ कमाल मर्यादा ८ असते आणि जोडणी मिळेपर्यंत थांबण्याचा काळ वेगळा नेमला नसेल, तर तो अमर्याद असतो. आठ जोडण्या कोणीतरी नेल्या होत्या, परत केल्या नव्हत्या. नववा विद्यार्थी अनंतकाळ रांगेत उभा होता.

मग जोडण्या अडकत कशा होत्या? अर्जातील मोबाईल क्रमांक पुन्हा येऊ नये, असे बंधन टेबलावर घातले होते. परंतु वाड्यांवरून येणाऱ्या काही मुलांच्या घरी एकच मोबाईल असे. कधी दोन भावंडांचा, कधी शेजाऱ्यांचा मिळून एक. दुसऱ्या मुलाने तोच क्रमांक भरला की डेटाबेस नोंद नाकारी, प्रोग्रॅममध्ये चूक उद्भवे आणि जोडणी परत करणारी ओळ वगळून प्रोग्रॅम बाहेर पडे. एक जोडणी गळे. अशी आठ मुले आली की संपूर्ण महाविद्यालयाचा प्रवेश थांबे.

दोष दुहेरी होता. जोडणी परत करण्याची शिस्त पाळली नव्हती, हा तांत्रिक दोष. प्रत्येक विद्यार्थ्याकडे स्वतःचा मोबाईल असतो, हे गृहीत धरले होते, हा त्याहून खोल दोष. त्या दिवसांत एक गृहस्थ मजुरी बुडवून मुलीसह दोनदा आले व दोनदा परत गेले. तिसऱ्या दिवशी, मुदत संपण्याच्या संध्याकाळी, तिचा अर्ज भरला गेला. जे आलेच नाहीत त्यांची नोंद कोणत्याही टेबलात नव्हती.

दुरुस्ती सोपी होती. २०११ च्या जावा ७ आवृत्तीपासून ‘ट्राय विथ रिसोर्सेस’ ही रचना उपलब्ध आहे. तीत चूक उद्भवली तरी जोडणी आपोआप परत जाते. त्यासोबत थांबण्याच्या काळाला ५ सेकंदांची मर्यादा घातली, परत न आलेल्या जोडण्या शोधून त्यांची नोंद करण्याची सोय चालू केली आणि मोबाईल क्रमांकावरील बंधन काढून टाकले. तेवढ्याने प्रवेश सुरळीत झाले.

६. अन्य महत्त्वाच्या बाबी

६.१ मृत जोडण्या : मायएसक्यूएल मूळ रचनेत २८,८०० सेकंद, म्हणजे ८ तास, निष्क्रिय राहिलेली जोडणी स्वतःहून तोडतो. रात्रभर कोणी काम केले नाही की सकाळची पहिली विनंती मृत जोडणी उचलते व फसते. पावसाळ्यात वीज व नेटवर्क खंडित झाल्यावरही हेच घडते. यासाठी जोडणी उसनी देण्यापूर्वी ती जिवंत आहे की नाही हे तपासण्याची सोय चालू ठेवावी. गाडी निघण्यापूर्वी वाघिणीची तपासणी होते, तिचेच हे रूप.

६.२ व्यवहाराची अखंडता : जेडीबीसीमध्ये प्रत्येक आज्ञा मूळ रचनेत आपापली स्वतंत्र पक्की होते. प्रवेशात मात्र ‘जागा एकने कमी करणे’ आणि ‘विद्यार्थ्याची नोंद करणे’ ही दोन्ही कामे एकत्रच व्हावयास हवीत. पहिले झाले व वीज गेली, तर एक जागा कोणालाही न मिळता नाहीशी होईल. म्हणून आपोआप पक्के करण्याची सोय बंद करून दोन्ही आज्ञा एका व्यवहारात गुंफाव्यात. दोन्ही यशस्वी झाल्या तर पक्क्या कराव्यात, अन्यथा दोन्ही मागे घ्याव्यात. तसेच शेवटची जागा दोघांना दिली जाऊ नये म्हणून आधी संख्या वाचून नंतर कमी करण्याऐवजी, ‘जागा शून्याहून अधिक असल्यास एकने कमी कर’ अशी एकच आज्ञा द्यावी आणि तिने किती रो बदलल्या हे पाहावे. एक बदलली असेल तरच प्रवेश द्यावा.

६.३ तयार विधाने : विद्यार्थ्याने भरलेला मजकूर थेट एसक्यूएलच्या वाक्यात जोडणे धोक्याचे आहे. याचा पहिला अनुभव कोकण-गोव्यात दुष्ट हेतूच्या व्यक्तीकडून नव्हे, तर डि’सोझा आडनावाच्या विद्यार्थ्याकडून येण्याचा संभव अधिक. रोमन लिपीत हे आडनाव लिहिताना येणारे अवतरणचिन्ह एसक्यूएलमध्ये मजकुराचा शेवट समजले जाते आणि आज्ञा मोडते. ज्या फटीतून एका सरळमार्गी विद्यार्थ्याचे आडनाव आज्ञा मोडू शकते, त्याच फटीतून दुष्ट हेतूने दुसरी आज्ञाही घुसविता येते. ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ वापरल्यास आज्ञा व मजकूर वेगवेगळे पाठविले जातात आणि दोन्ही अडचणी टळतात.

६.४ देवनागरी मजकूर : युटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. ‘कोलाड’ या शब्दात क, ओकार, ल, आकार व ड अशी ५ चिन्हे असून तो १५ बाइट जागा व्यापतो. मायएसक्यूएल कॉलमची लांबी चिन्हांत मोजतो. ऑरॅकल मूळ रचनेत ती बाइटमध्ये मोजतो. त्यामुळे एकीकडे मावणारे नाव दुसरीकडे नाकारले जाते. मायएसक्यूएलची मूळ अक्षरसंहिता २०१८ च्या ८.० आवृत्तीपूर्वी लॅटिन होती. जुन्या प्रणालींत मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात त्याचे हे एक प्रमुख कारण. अर्जाचे पान, सर्व्हर, ड्रायव्हर व टेबल या चारही ठिकाणी युटीएफ-८ असेल तरच नाव सुखरूप पोहोचते.

आणखी एक सूक्ष्म बाब. ‘कऱ्हाड’ मधील ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका चिन्हाने किंवा र व नुक्ता अशा दोन चिन्हांनी लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, परंतु बाइटशः तुलना केल्यास ते भिन्न ठरतात आणि शोधात विद्यार्थी ‘सापडत नाही’. जावातील नॉर्मलायझर वापरून साठविण्यापूर्वीच सर्व नावे एका रूपात आणावीत.

६.५ सुरक्षितता : डेटाबेसचे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवू नये. प्रणालीला स्वतंत्र खाते द्यावे व त्यास टेबल नष्ट करण्याचा अधिकार देऊ नये. विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती जपणे हे २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियमानंतर केवळ सौजन्य राहिलेले नाही.

७. अध्यापनासाठी एक प्रयोग

हा विषय फळ्यावर शिकविण्यापेक्षा प्रयोगशाळेत दाखविणे अधिक परिणामकारक ठरते. संचाची कमाल मर्यादा २ ठेवावी, थांबण्याचा काळ ५ सेकंद ठेवावा आणि एका पानात जोडणी परत करणारी ओळ मुद्दाम गाळावी. विद्यार्थ्यांनी ते पान दोनदा उघडावे व तिसऱ्यांदा काय घडते ते पाहावे. त्याच वेळी डेटाबेसच्या यंत्रावर चालू जोडण्यांची यादी काढावी. डेटाबेस निवांत असताना सर्व्हर गुदमरलेला पाहिला की संकल्पना कायमची ध्यानात राहते. त्यानंतर ओळ पूर्ववत करून तोच प्रयोग पुन्हा करावा.

८. निष्कर्ष

१. सर्व्हर व डेटाबेस यांमधील जोडणी ही मर्यादित व पुनर्वापराची साधनसामग्री आहे. ती घेणाऱ्याने परत केलीच पाहिजे.
२. जोडणीसंच वाढविण्यापूर्वी प्रत्येक विनंती जोडणी किती काळ अडवते, याचे मापन करावे.
३. प्रणाली गोठल्यास ती पुन्हा सुरू करण्यापूर्वी डेटाबेसवरील जोडण्यांची यादी पाहावी. पुन्हा सुरू केल्याने पुरावाच नष्ट होतो.
४. टेबलांवरील बंधने ही समाजाविषयीची गृहीतके असतात. ती ठरविताना संगणकतज्ज्ञाइतकेच प्रवेश समितीतील प्राध्यापकाचेही मत घेतले जावे.

समारोप

कोलाडच्या स्थानकावर वाघीण मोकळी आहे की नाही, हे उभ्या असलेल्या माणसाला डोळ्यांनी दिसते. सर्व्हरमधील जोडण्या मात्र दिसत नाहीत. म्हणून त्यांची मोजदाद ठेवण्याची जबाबदारी अधिक वाढते. खिडकीशी ताटकळणाऱ्या विद्यार्थ्याला ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढेच उत्तर मिळते. त्या उत्तरामागील कारण शोधून काढण्याची क्षमता आपल्या महाविद्यालयात असावी, इतकीच अपेक्षा या विवेचनामागे आहे.